डावीकडे वीतभर

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात एक माणूस उजव्या डोळ्यानं पेपर वाचत नव्हता. डोळा अधू होता म्हणून नव्हे, चांगला होता म्हणून. सकाळी दुकानाच्या पायरीवर बसायचं, रुमाल तिरपा बांधून उजवा डोळा झाकायचा आणि डाव्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेपर वाचायचा. नवा माणूस विचारल्याशिवाय राहायचा नाही. उत्तर ठरलेलं होतं. "उजवा नेम पाह्यासाठी ठेवला हाय. बातम्या दाखवून त्याले काहून खराब करू?"

गाव त्यांना मिस्त्रीजी म्हणायचं. बंदुका दुरुस्त करणारा परवानेवाला कारागीर आमच्याकडे तो एकच. बसस्टँडच्या मागे त्यांची अरुंद खोली होती आणि दारावर त्यांनीच रंगवलेली हिंदी पाटी: 'यहाँ बंदूक सुधरती है, आदमी नहीं।' एकदा एका बड्या घरच्या नवरदेवाचा मामा बंदूक घेऊन आला. वरात दोन दिवसांवर, हवेत बार काढायचे होते. मिस्त्रीजींनी त्याला पाटी मोठ्यानं वाचायला लावली, दोनदा, आणि बंदुकीसकट वाटेला लावलं. मामा तणतणत गेला. मिस्त्रीजींनी पुन्हा रुमाल बांधला.

गेल्या माघात ते गेले. त्यांच्या तऱ्हांचे किस्से गावात अजून चालतात आणि लोक हसतात. मीही हसते. पण माझ्याकडे त्यांचा जो किस्सा आहे तो माझ्या घरातला आहे, आणि तो सांगताना नुसतं हसणं मला जमत नाही.

आधी त्यांचं एक तत्त्व सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. 'एका टायमाले एकच.' बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग पाहायचं. फरक पडला नाही तर ती होती तशी करून ठेवायची आणि दुसरी बदलायची. बंदुकीपुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. पण या गृहस्थांनी ते स्वयंपाकघरातही नेलं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकू सांगायच्या, की भाजीत मीठही कमी असेल आणि तिखटही कमी असेल, तरी हे आज फक्त मीठ वाढवायला सांगणार. तिखट उद्या. एकदा ताप आला, डॉक्टरांनी तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या. यांनी तिन्ही वेगवेगळ्या दिवशी घेतल्या. तीन दिवसांचा ताप नऊ दिवस पुरला. बरं वाटल्यावर त्या डॉक्टरांना जाऊन सांगून आले, की तुमची पिवळी गोळी बिनकामाची हाय. डॉक्टरांनी हात जोडले. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

आता मी त्यांच्याकडे कशी गेले ते. रागातच गेले.

माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते. मोजमापाचा माणूस, आणि नेमाचा अभिमान मोठा. आमच्या घरात एक जुनी रायफल होती. मुळात लष्करातली, सरकारनं मोडीत काढलेली. कोणीतरी पुढचं लाकूड कापून तिची शिकारी बंदूक केलेली. आजोबांनी ती लिलावात घेतली. पुढे शिकार बंद झाली, पण शेताच्या राखणीसाठी म्हणून परवाना राहिला. उन्हाळ्यात चांदमारीवर, म्हणजे पोलिसांच्या नेमबाजीच्या मैदानावर, परवानगी काढून बाबा वर्षातून एकदा पाच गोळ्या मारायचे. पाचही एका वाटीत मावतील इतक्या जवळ बसायच्या. तो कागद ते आल्यागेल्याला दाखवायचे आणि आई आतून म्हणायची, झालं का तुमचं दाखवून, चहा निवतोय.

मग बारा वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडाशी, किरनापूरजवळच्या आमच्या शेतात रानडुकरं धानात शिरली. मारायची रीतसर परवानगी होती. सकाळची वेळ. बाबा बांधावर बसले आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काकाजी, पलीकडून हाकारत आले. डुक्कर बाबांच्या पुढ्यात चाळीस पावलांवर निघालं. लहान पोरालाही लागावा असा नेम. बाबांनी बार काढला आणि गोळी डावीकडून गेली. डुक्कर बिथरून मागे वळलं ते सरळ काकाजींवर. त्यांचा गुडघा फुटला. तो पाय पुन्हा सरळ झाला नाही.

चौकशी झाली. बंदूक जमा झाली, कागद इकडून तिकडे फिरले, आणि पुढच्या मे महिन्यात ती तपासायला मिस्त्रीजींना बोलावलं. त्यांनी दहा गोळ्या मारल्या आणि लिहून दिलं: 'बंदुकीत दोष नाही.' खाली सही.

बंदुकीत नाही म्हणजे हातात. बाबांनी त्या कागदाची नक्कल मागून आणली आणि देवघराच्या फळीत ठेवली. पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. काकाजींनी एका शब्दानं कधी काही म्हटलं नाही, आणि तेच बाबांना सोसेना. काकाजींच्या काठीचा आवाज अंगणात आला की बाबा 'पाणी पिऊन येतो' म्हणून आत जायचे, ते काकाजी उठून गेल्यावरच बाहेर यायचे. बारा वर्षं माझ्या बापाला काकाजी आले की तहान लागायची. आई मध्ये पडून थकली. चार वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा तेराव्यालासुद्धा हे दोघे भाऊ दोन टोकांना बसले होते.

सत्तरी उलटल्यावर बाबांनी परवाना माझ्या नावावर करून दिला. मी शाळेत शिकवते. मला बंदूक काय करायची आहे? विकून मोकळं व्हावं म्हटलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास लांजीचा एक शेतकरी घ्यायला तयार झाला. त्यानं चांदमारीवर पाच गोळ्या मारून पाहिल्या आणि बंदूक माझ्या हातात परत दिली. "मॅडम, डावीकडे मारती है आपकी बंदूक." मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बंदुकीले काही झालं नाही, त्याचाबी हात माझ्यासारखाच असन.

मला झोपेत टोचावं तसं ते टोचत राहिलं. डावीकडे. बाबांची गोळीही डावीकडूनच गेली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागल्याबरोबर मी रायफल घेऊन मिस्त्रीजींच्या दारात उभी राहिले आणि फडाफडा बोलले. तुम्ही लिहून दिलंत, माझ्या बापानं ते देवासारखं मानलं, आता दुसरा माणूस सांगतो की ती डावीकडे मारते, तर तुम्ही तेव्हा नेमकं काय पाहिलंत?

त्यांनी डोळ्यावरचा रुमाल सोडला. बंदुकीवरचा नंबर पाहिला. मग मला विचारलं, "तुम्ही शिकवता का, मास्तरीनबाई?" हो म्हटलं. "आवाजावरून समजलं," म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

रविवारी चांदमारीवर गेलो. मिस्त्रीजींनी बंदूक टेकवायला जुन्या खाकी पँटचे पाय कापून, रेती भरून, दोन्ही टोकं शिवलेली होती. ते पाय टेबलावर मांडले की कमरेवरचा हवालदार कुठे गेला असं वाटायचं. त्यांनी पाच गोळ्या मारल्या. पाचही मधोमध, एका वाटीत.

मी शरमेनं मेले. उगाच भांडले, बाबांचंच खरं, हातच चुकला होता. पण मिस्त्रीजी उठेनात. तिथेच बसून त्यांनी विचारलं, त्या लांजीवाल्यानं कोणत्या महिन्यात मारली होती? दिवाळीत, मी म्हटलं. साहेबांच्या, म्हणजे बाबांच्या, हातून चुकली ते? तीपण दिवाळीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळ्याला बांधला नाही, नुसता घड्या घालत बसले.

"अन् मी पाह्यली मे महिन्यात," ते म्हणाले. "तवाबी मे. आताबी मे. मास्तरीनबाई, मी चुकीच्या महिन्यात हिले पाह्यलं."

त्यांनी बंदूक रीतसर जमा करून ठेवून घेतली. मी विचारलं, उघडून बघा ना आत काय आहे ते. लाकूड उतरवायला कितीसा वेळ लागतो? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षेआधी पेपर फोडायला सांगितला. लाकूड एकदा उतरवलं की नळीचं जुनं बसणं गेलं. मग तेव्हा काय झालं होतं ते ब्रह्मदेवालाही समजणार नाही. लाकूड सगळ्यात शेवटी. आधी बाकीचं, एका टायमाले एकच.

सगळा पावसाळा हे चाललं. पाऊस उघडलेल्या प्रत्येक रविवारी ते एक गोष्ट बदलत. एकदा नळीचं तोंड पाहिलं, कुठे ठेच लागून वाकडं झालंय का. नाही. एकदा पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, हलते का. नाही. दुसऱ्या पेटीतली काडतुसं. नाही. स्क्रू घट्ट केले, नाही. पुन्हा होते तितकेच सैल केले. गोळ्यांचे कागद काकूंच्या कपड्यांच्या तारेवर चिमट्यांना टांगलेले असायचे, साडी आणि बनियनच्या मध्ये. श्रावणात पहिल्यांदा गोळ्या दोन बोटं डावीकडे सरकल्या. मला वाटलं, सापडलं. मिस्त्रीजी म्हणाले, दोन बोटांनं डुक्कर वाचत नाही. अजून काही तरी बाकी हाय.

त्या काळात मी इतक्या वेळा त्यांच्याकडे गेले की काकू मला भाजीची चव पाहायला देऊ लागल्या. मिठाचं आज, तिखटाचं उद्या, हे मलाही सवयीचं झालं. राग कधी उतरला ते कळलं नाही.

भाद्रपदात एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं. बंदूक घरी असताना दिवाळीच्या आधी तिचं काय काय होतं, सगळं सांगा. मी सांगितलं. पावसाळा संपला की कपाटातून काढतो, पुसतो, तेल लावतो. मग दसऱ्याची पूजा.

"पूजा कशी करता?"

पूजा काय, सगळे करतात तशी. आई करायची तशीच मी पुढे चालवली. पाटावर बंदूक आडवी ठेवायची, डाव्या कुशीवर. लोट्यातलं पाणी शिंपडायचं, कुंकू लावायचं, आपट्याचं पान, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता. आई म्हणायची, जिथं लाकूड न लोखंड भेटते तिथं अक्षता वाहाव्या, तिथंच जीव राह्यते बंदुकीचा. आणि अक्षता आमच्या घरच्या चिन्नोर तांदळाच्या. देवाला दुसरा तांदूळ आईनं कधी वाहिला नाही.

मिस्त्रीजी म्हणाले, दसऱ्याला इथं या, अन् आईनं केली तशी पूजा करा. एक दाणा कमी नाही, एक जास्त नाही. मी म्हटलं, आई मोजून थोडीच वाहायची, मूठ भरून वाहायची. "मंग तशीच मूठ," ते म्हणाले.

दसऱ्याला मी त्यांच्या दुकानात पाट मांडला. मिस्त्रीजी आणि काकू बाजूला उभे. पूजा झाली, मिस्त्रीजींनी बंदुकीला नमस्कार केला, मला आपट्याचं पान दिलं. आठ दिवसांनी चांदमारी. त्यांनी पाच गोळ्या मारल्या, उठले, पावलं टाकत कागदापाशी गेले आणि कागदावर हात पसरून मोजलं. डावीकडे, वीतभर.

मग तिथेच, खाकी पायांवर, त्यांनी लाकूड उतरवलं. मी वाकून पाहिलं. नळी लाकडाच्या ज्या खोबणीत बसते तिच्या पुढच्या टोकाला, उजव्या बाजूला, एक लांबट वडी चिकटलेली होती. वर्षानुवर्षांचं कुंकू, तेल आणि तांदूळ, दगडासारखं झालेलं, आणि त्यावर या वर्षीचे ताजे दाणे, फुगलेले. लाकूड कापणाऱ्यानं तिथं फट जराशी जास्त ठेवली होती. जाड तांदूळ असता तर त्या फटीत गेलाच नसता. आमचा चिन्नोर बारीक. तो आत जायचा, ओल धरून फुगायचा आणि नळीला डावीकडे ढकलायचा. उन्हाळ्यात सगळं वाळून आकसलं की नळी पुन्हा मोकळी, आणि बाबांच्या पाच गोळ्या पुन्हा एका वाटीत.

मला वाटलं, झालं, संपलं. पण ते मिस्त्रीजी होते. त्यांनी वडी काढून लाकूड बसवलं, पाच मारल्या: मधोमध. वडी परत घालून बसवलं, पाच मारल्या: डावीकडे वीतभर. पुन्हा काढली: मधोमध. तेव्हा कुठे त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

बाबांचा हात चुकला नव्हता हे खरं. पण मग चूक कोणाची निघाली? आईची. तिच्या भक्तीची. बाबांचा तिच्यावर किती जीव होता ते मला ठाऊक होतं. हातावरचा राग काढून घ्यायचा आणि तिथं हे ठेवायचं? मी मिस्त्रीजींना गळ घातली, तुम्ही एवढंच सांगा की लाकूड फुगलं होतं. खोटं नाही ते. त्यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ज्यांच्या पायाले लागलं त्यांनाबी आणा, एवढंच म्हणाले.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी बाबांना परवान्यावर सही लागते अशी थाप मारून दुकानात नेलं. काकाजी आधीच येऊन बाकावर बसलेले, काठी भिंतीला टेकवून. त्यांना पाहताच बाबा दारातच थबकले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले. मिस्त्रीजींनी भरलेला लोटा त्यांच्या हातात दिला आणि बाकाकडे बोट दाखवलं. बाबांना बसावं लागलं.

मिस्त्रीजी बसले नाहीत. शाळेत चूक कबूल करणारं पोर उभं राहतं तसे सरळ उभे राहिले. "साहेब, बारा सालं आंधी मी लिहून देलतं का बंदुकीत दोष नाही. मी हिले मे महिन्यात पाह्यलतं. हिचा दोष दिवाळीत राह्यते. ते चूक माही होती. तुमचा हात बरोबर होता."

बाबांनी लोटा मांडीवर टेकवला. मग त्यांनी विचारलं, "दोष कशाचा होता?"

"लाकूड फुगलं होतं, बाबा," मीच घाईनं बोलून टाकलं.

जन्म पाण्यात आणि मोजमापात गेलेला माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लाकूड फुगते तं दोहीकडून फुगते. डावीकडंच काहून ढकललं?"

मिस्त्रीजींनी खणातून कागदाची पुडी काढली आणि त्यांच्यापुढे उघडून ठेवली. बाबांनी ती वडी उचलली, उजेडात धरली, वास घेतला. कुंकवाचा रंग त्यांच्या बोटांना लागला. मी खाली मान घातली.

बोलले ते काकाजी. "वहिनीच्या अक्षता हायेत, दादा." आणि हसायला लागले. "वहिनीनं कोणती गोष्ट मापानं टाकली होती, सांग. खिरीत साखर टाकली तं मूठभर जास्तच."

बाबाही हसले. बारा वर्षांत मी त्यांना काकाजींसमोर हसताना पाहिलं नव्हतं. ते हसता हसता रडायला लागले, लहान मुलासारखे, लोटा मांडीवर धरून. माझा नेम चुकू नये म्हणून वाहत होती ते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग शांत झाल्यावर म्हणाले, "इतके साल हातावर राग धरला. आता तिच्यावर कसा धरू?"

"कोणावरच नोको धरू," काकाजी म्हणाले. "पाय माहा हाय. मी कुठी धरला?"

बाबांनी पहिल्यांदा त्या पायाकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. मग आपला हात काकाजींच्या गुडघ्यावर ठेवला, कुंकवाच्या बोटांसकट, आणि तिथंच राहू दिला. आत काकूंनी चहा गाळला, पण कपबशा घेऊन त्या दारातच थांबल्या.

चहा झाल्यावर बाबांनी ती वडी पुडीत बांधली आणि पुडी मिस्त्रीजींकडे दिली. "मिस्त्री, हे होतं तिथं परत बसवता येईन का? आता बंदूक विकाची नाही न चालवाचीबी नाही."

मला वाटलं, आता नाही म्हणतील. या माणसानं उभ्या जन्मात जाणूनबुजून एक बंदूक वाकडी करून दिली नव्हती. त्यांनी पुडी बाजूला ठेवली. मग त्यांनी बंदूक पुढ्यात घेतली. आधी काडतुसावर आदळणारी पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली, म्हणजे बार कधी निघायलाच नको. नंतर लाकूड उतरवलं, वडी तिच्या जागी जपून बसवली, लाकूड चढवलं, एकेक स्क्रू पूर्वीइतकाच आवळला. दोऱ्याला एक चिठ्ठी बांधली आणि त्यावर लिहिलं: 'डावीकडे वीतभर.' खाली सही केली.

मी मास्तरीण, माझ्यानं राहवलं नाही. "मिस्त्रीजी, आज तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या."

"हौ," ते म्हणाले. "आता काही शोधाचं नाही न, पोरी."